प्रत्येक मडकं सारखंच होतंय, नक्षी सुचत नाही: वळ्यांच्या कामात कुठं काय तपासायचं

"ताई, काही सुचतच नाही."

वळ्यांची भांडी, म्हणजे मातीच्या लाटलेल्या दोऱ्या (वळ्या) एकावर एक रचून चाकाशिवाय केलेली भांडी, शिकवताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर लगेच उत्तर देत नाही. आधी भांडं बघायला मागते. तक्रार एकच असली तरी बिघाड दर वेळी वेगळ्या जागी सापडतो.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे सुरई करायची ठरवा नाहीतर घागर, शेवटी पसरट वाडगाच होतो. त्याच्या खालोखाल फोनवाले. शे-दीडशे फोटो साठवून ठेवलेले असतात, समोर मातीचा गोळा असतो आणि हात हलत नाही. तिसऱ्या प्रकारात भांडं बरं उतरलेलं असतं, पण नक्षी वरून आणून डकवल्यासारखी दिसते. भांड्याचा पोट-खांदा एक सांगतो आणि वेलबुट्टी भलतंच. चौथ्यात कागदावरचं चित्र झकास असतं, पण अर्ध्या उंचीवर भिंत बसते आणि जे उरेल त्याला "हेच करायचं होतं" म्हणावं लागतं. पाचवं लक्षण उशिरा कळतं. ओलेपणी सुंदर दिसणारी नक्षी वाळताना तडकते, गळून पडते, नाहीतर भाजून आल्यावर दिसेनाशीच होते. मग माणूस धास्तावतो आणि पुढच्या वेळी साधंच करतो. "सुचत नाही" म्हणणाऱ्यांत असे धास्तावलेले बरेच असतात.

खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या नंतर, अशा लावल्यात. हा क्रम मोडू नका. मातीत दोष आहे असं समजून लोक ऑनलाइन महागडी माती मागवतात आणि खोट निघते वळीच्या लांबीत.

भिंतीवरची सावली बघा

याला दोन मिनिटं लागतात. रात्री खोलीतला दिवा बंद करा, भांडं स्टुलावर ठेवा, अलीकडून मोबाइलचा टॉर्च धरा आणि पलीकडच्या भिंतीवरची सावली बघा. सावलीत रंग, बोटांचे ठसे, नक्षी सगळं जातं. उरते फक्त बाहेरची रेघ. भांड्याचा घाट म्हणजे ही रेघच.

तिच्यात एकच गोष्ट शोधायची: सगळ्यात रुंद भाग कुठं आहे? उंचीच्या बरोबर मध्यावर असेल तर भांडं सुस्त दिसतं, कारण वर आणि खाली सारखंच काहीतरी चाललेलं असतं. रुंदी थोडी वर सरकवली की खांदा येतो आणि भांडं ताठ उभं राहतं. खाली सरकवली की ते बैठं होतं. मग भांडं पालथं घालून पुन्हा सावली बघा. पालथी सावली सुलटीपेक्षा चांगली दिसते असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर पुढचं भांडं कसं करायचं ते तुम्हाला मिळालंच.

आता तुमच्या मागच्या चार-पाच भांड्यांच्या सावल्या शेजारी शेजारी बघा. सगळ्या सारख्या असतील तर दोष घडणीत आहे. वळी मोजायच्या तपासणीकडे जा. सावल्या वेगळ्या असूनही भांडी सारखीच वाटत असतील तर दोष पृष्ठभागात आहे; वळ्या झाकू नका, तिथून सुरू करा. एवढं निदान झालं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

भांडं कशासाठी, हे एका ओळीत लिहा

"काहीतरी सुंदर करायचंय" म्हणणाऱ्याला काही सुचत नाही, यात नवल नाही. भांड्याला काम दिलं की तोंड, बूड आणि पोट या तीन गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप ठरतात.

आपल्या खान्देशातली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) घागर घ्या. तिच्यावर पाण्यानं भरलेलं छोटं भांडं किंवा डांगर (खरबूज) ठेवायचं असतं. म्हणजे काठ सपाट आणि जाड हवा, तोंड फार मोठं चालणार नाही, आणि गळ्याशी चार बोटं धरता आली पाहिजेत. नक्षीला जागा उरते ती खांद्यावर, कारण घागर जमिनीवर असते आणि आपण तिच्याकडे वरून बघतो. आता मांड्यांचं खापर बघा. ते चुलीवर पालथं असतं आणि पाठीवर पुरण भरलेला मांडा पडतो. पाठ गुळगुळीत हवी, जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर मांडा एकीकडे करपतो नि दुसरीकडे कच्चा राहतो. त्या पाठीवर नक्षीचा एक ओरखडाही चालत नाही. मग हौस भागवायची तर काठावर. कुंडीचं तोंड पोटापेक्षा अरुंद केलंत तर पुढं रोप बदलताना कुंडी फोडावी लागेल. आणि जाळीच्या दिव्यात खरी नक्षी भांड्यावर नसते, भिंतीवर पडणाऱ्या उजेडात असते. तिथं भोकं कुठं आणि केवढी, एवढाच प्रश्न.

गोळ्याला हात लावण्याआधी एक ओळ लिहा: हे भांडं अमुक ठेवायला, अमुक जागी बसणार, अमुक बाजूनं दिसणार. तिन्ही जागा भरता येत नसतील तर फोनवरचे फोटो कितीही चाळा, हात हलणार नाही. फोटोत भांड्याची एकच बाजू दिसते आणि ते केवढं आहे हेही कळत नाही. फोटोवरून केलेली भांडी समोरून देखणी आणि मागून अनाथ असतात ती त्यामुळंच.

वळी मोजा

इथं जरा थांबते, कारण माझ्यापुढं येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त दोष याच जागी सापडतो आणि सगळ्यात कमी लोक इथं बघतात.

प्रत्येक भांड्याचा वाडगा का होतो? वळी ठेवली की आपण ती अंगठा आणि बोटांत दाबून खालच्या वळीशी सांधतो. दाबलं की भिंत पातळ होते. पातळ होताना माती कुठंतरी जाणारच. ती वर सरकते आणि आडवीही पसरते. म्हणजे प्रत्येक फेरीला काठाचा घेर थोडा वाढतो. पुढची वळी आपण त्या वाढलेल्या घेराच्या मापानं करतो, पुन्हा दाबतो, पुन्हा घेर वाढतो. चार-पाच फेऱ्यांत वाडगा तयार. यात कल्पनाशक्तीचा काहीही संबंध नाही. डोक्यात सुरई असली तरी बोटं वाडगाच करणार.

उपाय असा. वळी काठाभोवती धरून बघा आणि घेरापेक्षा दोन बोटं आखूड तोडा. ती काठाच्या मधोमध न ठेवता आतल्या कडेवर ठेवा. सांधताना एक तळवा बाहेरून भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे भिंतीला बाहेर पळायला वाव राहत नाही. भांडं रुंद करायचं असेल तर उलट: वळी घेराएवढी किंवा किंचित लांब, आणि बाहेरच्या कडेवर. सरळ भिंतीसाठी वळी बरोबर मधोमध आणि दाब कमी.

काठ आधीच पसरला असेल तर भांडं मोडू नका. काठावरून खाली तीन-चार ठिकाणी त्रिकोणी काप काढा, कडा खरवडून चिखल लावा आणि ब्लाउजला टक घालतात तशा जवळ ओढून सांधा. घेर तिथल्या तिथं कमी होतो. टक लपवायलाच पाहिजेत असंही नाही. खांद्यावर चार उभ्या शिवणी दिसल्या तर त्यांचीच नक्षी होते.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर तांब्याएवढ्या उंचीचं सरळ नळकांडं करून बघा आणि त्याला पट्टी लावा. मग आत झुकणारी भिंत, मग बाहेर झुकणारी. या तीन भिंती हाताला आल्या की घागर, सुरई, रांजण, काय वाटेल ते त्यांच्या जोडणीतून निघतं. हे जमत नसताना नक्षीची पुस्तकं विकत घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

वळीची जाडी तांब्याएवढ्या भांड्याला करंगळीएवढी ठेवा, मोठ्या भांड्याला अंगठ्याएवढी. लाटताना ती चपटी होत असेल तर हाताचा भार जास्त पडतोय. बोटं फाकवून, मधून बाहेर नेत, हलक्या हातानं लाटा. चपटी झालेली वळी हलकासा पीळ देऊन पुन्हा लाटली तर गोल होते.

भिंत अर्ध्यावर बसते, त्या चौथ्या लक्षणाचं मूळही इथंच आहे. एका दमात चार-पाच वळ्या चढवायच्या आणि थांबायचं. खालची माती वरचं वजन पेलण्याइतकी कडक झाली की पुढं जायचं. जळगाव-भुसावळकडच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असताना हे गणित उलटं होतं. खालचं पोट अजून ओलं असतं आणि वरचा काठ बघता बघता सुकतो. मग नवी वळी धरतच नाही, पुढं सांध्यावर चीर जाते. काठावर ओलं सुती फडकं टाका, पोट उघडं ठेवा, पंखा बंद करा आणि जमलं तर पहाटे बसा. पावसाळ्यात अर्धा दिवस वाट बघावी लागते. म्हणून दोन-तीन भांडी एकदम लावायची. एक सुकतंय तोवर दुसऱ्यावर काम. हातघाई नसली की घाट बदलायचं धाडसही होतं.

वळ्या झाकू नका

नक्षी डकवल्यासारखी दिसते त्यांच्यासाठी. आपण आधी वळ्या रचतो, मग त्या बोटानं, पट्टीनं, ओल्या स्पंजानं घासून गायब करतो आणि मग गुळगुळीत झालेल्या भिंतीकडे बघत बसतो की आता यावर काय काढावं. नक्षी होती, ती आपणच पुसली.

एकदा फक्त आतून सांधा. अंगठ्यानं प्रत्येक वळी खालच्या वळीत ओढून आतली बाजू एकजीव करा. भांड्याची ताकद आतल्या सांध्यातून येते. बाहेरच्या वळ्या जशाच्या तशा ठेवा. मग त्यांवर ठरावीक अंतरानं अंगठा दाबत जा. पुढच्या फेरीत दाब अर्धं बोट पुढं सरकवा, की भांड्याभोवती तिरकी लाट चढत जाते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी अशी उघड्या वळ्यांची, चिमटे काढलेली भांडी शेकडो वर्षं केली, आणि ती रोजच्या स्वयंपाकाची होती. जपानमधली जोमोन भांडीही वळ्यांची. त्यांच्या ओल्या अंगावर पीळदार दोरी फिरवून ठसे उठवत, आणि जोमोन हे नाव त्या दोरीच्या ठशांवरूनच पडलं आहे. यातली सगळ्यात जुनी भांडी दहा हजार वर्षांच्याही मागची आहेत.

दोरी म्हटल्यावर खान्देशात काय कमी आहे? कापसाचं सूत, केळीच्या सोपाचा धागा, अंबाडीची दोरी. प्रत्येकीचा ठसा वेगळा. काडीला दोरी गुंडाळून ती काडी लाटण्यासारखी फिरवा. दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड ओल्या मातीवर लाटलं तर चौकटींचा पट्टा उठतो. बाजरीचं कणीस बारीक ठिपके देतं. केळीच्या खांबाचा आडवा काप घेऊन दाबा. आतल्या कप्प्यांची जाळी बघून पुन्हा कधी विकतचा छाप घ्यावासा वाटणार नाही. (काप ताजा असला तर चीक गळतो आणि डाग पडतो, तो भाजताना जातो. कपड्यावर पडला तर जात नाही.)

एकच धोका आहे. सगळे ठसे एकाच भांड्यावर उठवायचे नाहीत. मुठीएवढी पाच भांडी करा, सगळ्यांचा घाट एकच ठेवा आणि प्रत्येकावर एकच ठसा. घाट कायम ठेवला तरच कुठल्या ठशानं काय फरक पडला ते कळतं. मोठ्या भांड्यावर थेट प्रयोग करणारा माणूस बिचकतो, कारण तिथं चार दिवसांची मेहनत पणाला लागलेली असते.

वर्तमानपत्राची घडी

रद्दीचा कागद उभा दुमडा, घडीच्या बाजूला भांड्याची अर्धी रेघ कातरीनं कापा आणि उघडा. दोन्ही बाजू सारख्या असलेला घाट मिळतो. असे दहा कापून भिंतीला चिकटवा, लांबून बघा, सात फाडून टाका. उरलेल्यांतला एक पुठ्ठ्यावर काढा आणि त्याचा बाहेरचा भाग कापून फरमा करा. प्रत्येक दोन वळ्यांनंतर फरमा भिंतीला लावून बघायचा. फट दिसली की तिथं दुरुस्ती. चित्र आणि भांडं यांची फारकत इथं थांबते. खर्च शून्य. तरी लोक हे करत नाहीत, का ते मला कळलेलं नाही.

वही घेऊन बाहेर पडा

आता बसभाड्याचा खर्च आला. इथपर्यंतच्या तपासण्या झाल्या असतील तरच निघा, नाहीतर बाहेरूनही फोटोच घेऊन याल.

जवळ म्हणजे आठवडी बाजार. बांबूची टोपली, सूप, डालं विणणाऱ्यांपाशी बसा आणि विणीचा एक चौकोन वहीत काढा. हातानं काढताना कळतं की काडी कुठं वर जाते, कुठं खाली. फोटोत ते कळत नाही. जुनी टोपली मिळाली तर तिच्यातच भांड्याचं बूड थापा. वीण बुडावर उमटते आणि बूड सुकेपर्यंत आधारही मिळतो. गोधडीचे टाके बघा. बाहेरून आत, चौकोनात चौकोन करत जाणारी ती रांग भांड्याच्या खांद्यावर वर्तुळात वर्तुळ होऊन बसते.

थोडं लांब जायचं तर चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात फुलीफुलीच्या तिरक्या रेघा, बस. त्यात काय आहे असं वाटेल. पण पट्टा कुठं सुरू करायचा, कुठं थांबवायचा आणि बाकीची जागा मोकळी सोडायची, हे त्या माणसानं ठरवलं होतं. आपली नक्षी फसते ती बहुधा मोकळी जागा न सोडल्यानं.

खान्देशातल्या तापीकाठच्या सावळद्याचं नाव तर एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला दिलंय. साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या भांड्यांवर भौमितिक रेघांबरोबर बाणाची टोकं, मासे, प्राणी-पक्षी रंगवलेले आढळतात. म्हणजे ज्यांच्या हातात रोज बाण आणि गळाला रोज मासा, त्यांनी तेच काढलं. गिरणेकाठचं बहाळ, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे इथंही त्या काळची वस्ती उत्खननात सापडली आहे. त्यानंतरच्या जोर्वे भांड्यांचं नाव संगमनेर तालुक्यातल्या गावावरून आलं. लाल अंगावर काळ्या रेघा, खांद्याला नळीसारखी तोटी, वाडग्याच्या अंगाला ठळक कंगोरा. ही भांडी चाकावरची आहेत, तरी तो कंगोरा आणि ती तोटी वळ्यांत छान जमतात. पुण्याला जाणं झालं तर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातली, जोर्वे काळातली भांडी प्रत्यक्ष बघा.

बघताना जुनं चित्र उचलायचं नाही, मांडणी उचलायची. वहीत भांड्याची रेघ काढा आणि फक्त पट्ट्यांच्या सीमा नोंदवा: किती भाग मोकळा, किती भरलेला, रेघ घाटाच्या वळणावर थांबते की ओलांडून जाते. मग त्या पट्ट्यात तुमच्या घरातलं, शेतातलं काहीतरी भरा. बाण आणि मासा त्यांचा होता. तुमच्याकडं ठिबकची नळी असेल, केळीचा घड असेल.

आणि नदीकाठच्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) जुनी खापरं दिसली तर उचलून खिशात घालू नका. संरक्षित स्थळावरून काही नेणं हा गुन्हा आहे. शिवाय जागेवरून हललेल्या खापराचा अभ्यासकांना फारसा उपयोग राहत नाही. तिथंच बसून चित्र काढा.

माती काय म्हणते

पाचव्या लक्षणासाठी. नक्षी सुचते पण टिकत नाही, तेव्हा माती आणि नक्षी यांचं जमत नाहीये.

आपल्या शेतातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, म्हणून नवशिके हरखतात. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्याच भेगा भांड्याला पडतात. एका ताईंनी अशा मातीची सुरई कुंभारवाड्यात दाखवायला नेली, तर तिथल्या आजींनी नुसती चिमूट चोळून सांगितलं, "तुन्ही माती भलती चिकट शे." त्यांनी गाळाची माती, राख आणि चाळलेली लीद मिसळायला सांगितलं.

तपासणी सोपी आहे. मातीची पट्टी करा, तिच्यावर १० सेंटिमीटरची खूण करा, सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. खूण ९ सेंटिमीटरच्या खाली गेली तर माती फार आकसते. बारीक वाळू, राख किंवा जुन्या खापराचा चाळलेला चुरा थोडा थोडा वाढवत पुन्हा पट्टी करा.

याचा नक्षीशी थेट संबंध आहे. चुरा घातलेल्या जाड्याभरड्या मातीवर सुईनं बारीक रेघ ओढली तर खडा फरफटतो आणि रेघ फाटते. तिच्यावर अंगठ्याचे दाब, दोरी, जाड वळ्या शोभतात. कोरीव काम हवं असेल तर माती वस्त्रगाळ करा आणि भांडं लहान ठेवा. भांडं मोठं आणि नक्षी नाजूक, दोन्ही हवं असेल तर भरड मातीच्या भांड्यावर बारीक गाळलेल्या मातीचा पातळ थर किंवा काव चढवा आणि त्यात कोरा. वर लावलेली फुलं-वेली गळून पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: भांडं अर्धं सुकलेलं आणि फूल ओलंचिंब. ओलं जास्त आकसतं आणि सांधा सोडतं. दोन्ही सारखी ओलसर असतानाच, खरवडून, चिखल लावून चिकटवा आणि वरून प्लास्टिक झाकून सावकाश वाळवा.

चुनखडीचे खडेही बघा. मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. भाजताना ८०० अंशांच्या पुढं त्या खड्याची कळीचुन्यासारखी गत होते. पुढं काही दिवसांत तो हवेतलं पाणी शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो, नेमका नक्षीवरचा. बारीक चाळणीतून गाळणं हा पहिला उपाय.

भाजणी

सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. उघड्या आव्यात (भांडी नि जळण उघड्यावर रचून पेटवलेल्या ढिगात) ज्वाळा कुठं लागेल, धूर कुठं कोंडेल त्याप्रमाणं लाल अंगावर काळे ढग उमटतात. नाजूक रंगकाम त्यात हरवतं. खोल ठसे आणि कंगोरे मात्र उठून दिसतात. म्हणून उघड्या आव्यात जाणाऱ्या भांड्याची नक्षी बोटाला लागेल इतकी खोल ठेवा. गुळगुळीत गारगोटीनं अर्धसुकं भांडं घोटून ठेवलं तर काळे ढगसुद्धा देखणे होतात. जाड वळ्यांच्या आत, चिकटवलेल्या गोळ्याच्या मागं ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडं फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून वाळलेलं नाही.

इथं थांबा आणि माणूस गाठा

गच्चीवर, अंगणात, एकट्यानं पहिली भाजणी करू नका. कुंभारदादांकडे जा. विजेची भट्टी घेतली असेल तर तिचं वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, घरच्या प्लगला जोडू नका.

चुना गाळूनही टवके उडत असतील, किंवा दोन-तीन वेळा मिश्रण बदलूनही पट्टी तडकत असेल, तर ती माती सोडा आणि कुंभाराला विचारून त्यांची तयार माती पैसे देऊन घ्या.

भांडं खाण्यापिण्याचं असेल आणि त्यावर झिलई चढवायची असेल, तर झिलईत शिसं नाही याची खात्री असलेलाच माल वापरा आणि जाणकार स्टुडिओकडून भाजून घ्या. इथं अंदाज चालत नाही. दुकानातला ऑइल पेंट फासलेलं मडकं शोभेसाठीच.

सुकलेली माती घरात कोरडी घासू, झाडू नका. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. ओल्या फडक्यानं पुसा. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा, नक्षी थांबू द्या.

आणि घाटाचंच अडलं असेल, सरळ नळकांडं महिनाभर प्रयत्न करूनही उभं राहत नसेल, तर एक दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून शिका. हात कुठं दाबतोय हे शेजारच्याला लगेच दिसतं, लिहून सांगता येत नाही.

कुंभाराकडे भांडी नेताना ती खडखडीत वाळलेली न्या, त्यातली जाड कोणती ते आधी सांगा आणि आव्यातल्या जागेचे पैसे आधी ठरवा. फुटलं तर नुकसान कुणाचं, हेही बोलून घ्या. आखाजीच्या आधीचे दोन महिने मात्र जागा मागायला जाऊ नका. घागरी आणि माठांचा हंगाम तेव्हाच असतो आणि आवा त्यांच्याच मालानं भरलेला असतो.